एकतिसावं कोडं आणि सहा वळणं

मी एक जुना लाकडी पट आहे आणि माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. रीत आहे म्हणून मी तुम्हाला मित्रांनो म्हणेन. पण मैत्रीला दोन्हीकडून काहीतरी लागतं, आणि तुमच्याकडून मला आजवर मिळाले ते चहाचे गोल डाग, घामट बोटं आणि एका कोपऱ्यावर दातांची खूण. ती खूण करणारे गृहस्थ बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते.

मी कशासाठी आहे ते सांगतो. माझ्यावर सहा आडवे आणि सहा उभे असे छत्तीस चौकोन आहेत. वरच्या डाव्या कोपऱ्यात, डाव्या कडेला रंगवलेलं फाटक आहे, आणि उजव्या कोपऱ्याच्या खाली, कडेबाहेर एक घर आहे. चौकोनांत बसतील असे लाकडी तुकडे एका डब्यात असतात. काही तुकड्यांवर सरळ वाट कोरलेली, काहींवर वळण. वहीत कोडी काढलेली आहेत. वहीत दाखवलं असेल तिथे हिरव्या खुंट्यांची झाडं रोवायची, आणि झाडं चुकवत फाटकापासून घरापर्यंत वाट जोडायची. मग त्या खाचेतून एक चिमुकली गाडी ढकलायची. गाडी घरात गेली की कोडं सुटलं. एवढंच आहे. एवढंच असूनही लोकांना घाम फुटतो.

मला एका सुतारानं बनवलं. त्याची बायको ज्या दवाखान्यात महिनाभर पडून होती, त्याच दवाखान्यासाठी. त्यानं माझी कड चार वेळा घासली आणि पाचव्यांदा डोळे मिटून बोट फिरवून पाहिली. तुकडा चौकोनात ठेवला की आवाज न करता बसायचा. कोडीही त्यानंच रचली. तीस रचून झाली तेव्हा त्याला ती फार सोपी वाटली, म्हणून बायकोच्या उशाशी बसून त्यानं एकतिसावं रचलं. मी आजवर पाहिलेल्या माणसांत आपलं काम नीट येणारा तो पहिला. यादी फार लांब नाही.

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत माझी नेमणूक झाली. डोक्याला मार लागलेली, अर्धांगातून उठलेली, हात कामातून गेलेली माणसं तिथे येत. भिंतीला कप्प्या आणि दोऱ्या, टेबलावर रबरी चेंडू, शर्टाची बटणं लावायला शिकवणारी एक फळी, आणि मी. ती खोली सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. ताई स्वभावानं गोड होत्या. गोड माणसांचा मला विशेष कंटाळा आहे. पहिलं कोडं सुटलं तरी त्या टाळ्या वाजवत. पहिलं कोडं म्हणजे सरळ वाट आणि एक वळण. त्याला टाळ्या वाजवायच्या तर जिना उतरणाऱ्याची मिरवणूक काढावी लागेल.

माझ्यासमोर बसलं की माणूस उघडा पडतो. बरेचसे फाटकापासून सुरुवात करतात आणि घर आपोआप जवळ येईल अशी आशा धरतात. काही जण तुकडा बसत नसला की दाबतात, जणू लाकूड घाबरून मऊ होणार आहे. आणि सोबत आलेले नातेवाईक तर उंटावरचे शहाणे. खुर्चीच्या मागे उभं राहून म्हणतात, "अहो, तिकडून घ्या ना, तिकडून." तिकडे झाड असतं.

तरी सुरुवातीची वर्षं मानाची होती. एका बसचालकानं एकतिसावं चौदा मिनिटांत सोडवलं, माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "चांगला खेळ आहे हा. लबाडी करत नाही." ते पाहून दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना कल्पना सुचली. त्यांनी नियम केला : ज्याला एकतिसावं वीस मिनिटांत सुटेल त्यालाच कामावर परत जायचा कागद मिळेल. कुणी नक्कल करू नये म्हणून वहीतलं उत्तरांचं पान त्यांनी फाडलं आणि आपल्या खोलीतल्या कपाटात कुलूप लावून ठेवलं. स्वतः त्यांनी ते कोडं कधी सोडवलं नाही. परीक्षा घेणाऱ्यांचं असंच असतं.

मग एक निवृत्त मुख्याध्यापक आले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उत्तरांवर फुल्या मारल्या होत्या. त्यांना पाचवं कोडं तीन दिवसांत सुटलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी खोलीत नजर फिरवली. ताई दारात कुणाशी तरी बोलत होत्या. मुख्याध्यापकांनी डब्यातून वळणाचा एक तुकडा उचलला आणि कोटाच्या खिशात टाकला. नंतर ताईंना म्हणाले, "काही अर्थ नाही या पोरखेळात." तो तुकडा घेऊन ते गेले. ते परत आले नाहीत, आणि तुकडाही आला नाही.

डब्यात सात वळणं होती. आता सहा उरली. पहिल्या तीस कोड्यांना सहा पुरतात. एकतिसाव्याला सात लागतात.

पुढचं मी दीड वर्ष पाहिलं. दीड वर्षात बावीस माणसं एकतिसाव्या कोड्यापाशी बसली आणि बावीसही उठून गेली. प्रत्येकाची गाडी घराच्या दारापर्यंत यायची आणि आडवीच पुढे निघून जायची. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तुम्ही शाळेत घोकली असेल. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि बावीस जणांनी दोष दिला तो आपल्या पायांना. कुणी कपाळ चोळलं, कुणी बायकोकडे पाहिलं. एका म्हाताऱ्या घड्याळजीनं तर दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि एखाद्या बंद पडलेल्या वस्तूकडे पाहावं तसा तो त्यांच्याकडे पाहत राहिला. ताई त्याला हळू आवाजात म्हणाल्या, "हरकत नाही हो काका. वयाचा भाग असतो. मनाला लावून घ्यायचं नाही." त्यानं लावून घेतलं.

मला त्यांची कीव आली असेल असं वाटतं का तुम्हाला? नाही आली. डबा समोर उघडा होता. मोजायला बोटं होती. ताई रोज तुकडे ओंजळीनं डब्यात लोटायच्या, पण त्यांनीही मोजले नाहीत. मी मनात म्हणायचो, जी माणसं डब्यात काय आहे ते पाहत नाहीत आणि स्वतःला मूर्ख ठरवून घरी जातात, ती मूर्खच.

तेविसावा होता एक फरशीवाला.

पन्नाशीला आलेला, रुंद पंजांचा, गुडघ्यांवर घट्टे पडलेला माणूस. नव्या इमारतीच्या परांचीवरून पडून डोक्यावर आपटला होता. चालत होता, समजत होतं, उजवा हात थोडा मंद होता. पण शब्द निसटायचे. पेल्याला चमचा म्हणायचा, खिडकीला दरवाजा म्हणायचा, आणि चुकलं हे त्याला त्याच क्षणी कळायचं. म्हणून त्यानं बोलणंच कमी केलं होतं. त्याच्यासोबत त्याची थोरली बहीण यायची. तिला तो अक्का म्हणायचा. त्याची बायको वारल्यापासून अक्काच त्याचं घर पाहत होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"माझा भाऊ म्हणजे काय होता, ताई," ती पहिल्याच दिवशी त्याच्यादेखत म्हणाली. "त्यानं लावलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलायची नाही. आता बघा. सकाळी मला म्हणतो, अक्का, पायात टोपी घालून दे."

फरशीवाला खिडकीबाहेर पाहत राहिला.

मी त्यालाही त्याच मापानं मोजलं. आणखी एक आला दाबादाबी करायला, असं वाटलं. पण यानं पहिल्या दिवशी तुकडा हातात घेतला, उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवला. त्यानं सुरुवात केली ती घरापासून, उलटी, फाटकाकडे येत.

"फाटकापासून करा ना दादा," ताई म्हणाल्या.

त्यानं मान हलवली. बराच वेळ शब्द शोधला. "मागची भिंत आधी," तो म्हणाला. "दाराशी शेवटी यायचं. नाहीतर... आत अडकतो."

फरशी लावणारा माणूस असंच करतो. खोलीच्या टोकापासून लावत दारातून बाहेर पडतो. त्याला ते पटावर लागू करता आलं. माझ्या मनात काही हललं, असं म्हणणार नाही. लाकूड आहे मी. पण मी त्याच्याकडे लक्ष देऊ लागलो.

चार आठवड्यांत तो तिसाव्या कोड्यापर्यंत आला. मग परीक्षेचा दिवस ठरला. अक्कानं त्याला इस्त्रीचा शर्ट घालून आणलं होतं. त्याचा ठेकेदार महिना संपेपर्यंत थांबणार होता, त्यानंतर त्याच्या जागी दुसरा कारागीर घेणार होता. हे अक्कानं ताईंना दोनदा सांगितलं. ताईंनी घड्याळ लावलं.

वीस मिनिटांनी गाडी घरासमोरून आडवी निघून गेली.

"हरकत नाही," ताई म्हणाल्या. "पुन्हा एकदा देता येते परीक्षा, शुक्रवारी."

अक्कानं पिशवी उचलली आणि ती त्याच्या आधी बाहेर पडली; ते त्याला जास्त लागलं. जाताना तो दारात थांबला, माझ्याकडे वळून पाहिलं. इतरांच्या नजरेत मी स्वतःबद्दलची लाज पाहिली होती. याच्या नजरेत संशय होता. असा संशय मी सुताराच्या डोळ्यांत पाहिला होता, माझी कड तपासताना.

शुक्रवारी तो आला तेव्हा त्याच्या खिशात शाळेच्या वहीचं एक पान होतं. त्यावर त्यानं पेन्सिलीनं माझे छत्तीस चौकोन आठवणीनं काढले होते, झाडांसकट. त्यावर किती वाटा ओढल्या आणि खोडल्या होत्या त्याला गणती नव्हती. कागद खोडून खोडून विरला होता. ताईंनी घड्याळ लावायच्या आत त्यानं डबा टेबलावर पालथा केला.

"अरे, हे काय करतोस?" अक्का म्हणाली.

"माल मोजतो. आधी."

त्यानं सरळ तुकडे एका बाजूला लावले, वळणं दुसऱ्या बाजूला. मंद हातानं, एकेक करून. मग तो ताईंकडे पाहून म्हणाला, "कोपर एक कमी आहे."

ताईंनी पटकन त्याच्या हाताकडे पाहिलं. "कोपर दुखतंय का तुमचं?"

"नाही. हे." त्यानं एक वळण उचलून दाखवलं. "कोपर. कोपर कमी."

"तो असंच बोलतो हो," अक्का म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "शब्द बदलतात त्याचे. अरे, उगीच काहीतरी सांगू नकोस. सुरू कर तू."

मित्रांनो, या खोलीत मी पुष्कळ मूर्खपणा पाहिला आहे, पण त्या क्षणाइतका नाही. दीड वर्षात पहिल्यांदा एका माणसानं खरं सांगितलं होतं, आणि एका शब्दामुळे दोन शहाण्या बायका त्याच्याकडे आजारी म्हणून पाहत होत्या. शिवाय शब्द चुकलाही नव्हता. नळाच्या वळणाला बांधकामावर कोपरच म्हणतात.

फरशीवाला चिडला नाही. दुसऱ्यानं काम बिघडवलं की कसलेला कारागीर वाद न घालता ते हातात घेतो, तसं त्यानं केलं. मग त्यानं माझ्यावर झाडं रोवली आणि घराकडून वाट लावायला घेतली. घराला लागूनचा चौकोन त्यानं मुद्दाम रिकामा ठेवला. बाकी सगळी वाट, सहाही वळणं वापरून, फाटकापर्यंत नेली. दहा मिनिटं लागली असतील. मग त्या रिकाम्या चौकोनावर त्यानं बोट टेकवलं.

"इथे कोपर पाहिजे. डब्यात नाही."

"पण दुसरी एखादी वाट असेल ना दादा," ताई म्हणाल्या. "कमी वळणांची."

त्यानं गाडी फाटकापाशी ठेवली. "आत येते, आडवी." मग घराच्या दारावर बोट ठेवलं. "आत जाते, उभी." त्यानं ताईंचं पेन मागून घेतलं आणि कागदावर एक आडवी रेघ ओढून ती खाली वळवली. "एक कोपर, उभी. दोन, परत आडवी. तीन, उभी. चार, आडवी." तो थांबला, शब्द जमवले. "सहा म्हणजे आडवी. कुठूनही न्या. सहानं ती आडवीच राहणार. पाच चालतील, नाहीतर सात. पाचाच्या सगळ्या वाटा काढल्या मी घरी. झाड येतं आडवं."

ताई त्या कागदाकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते. एक, उभी. दोन, आडवी. मी त्यांना आठ वर्षं ओळखतो, आणि त्यांनी माझ्यासमोर खरोखर विचार केल्याचं तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर घाईत आले, म्हणाले, "अहो, लोक सोडवत आलेत की हे." शेवटचं कुणी सोडवलं, असं ताईंनी विचारलं. डॉक्टरांना आठवेना. ताईंनी रजिस्टर उघडलं आणि पानं मागे उलटत गेल्या. दीड वर्ष मागे गेल्यावर एक बरोबरची खूण सापडली. मग डॉक्टर खाली गेले आणि कुलपातलं पान घेऊन आले. पानावर सुताराच्या हातचं उत्तर होतं. डॉक्टरांनी वळणं मोजली. सात होती. डब्यात सहा. त्यांनी पुन्हा मोजली. मोठी माणसं चूक दुसऱ्यांदा मोजतात, तेवढ्यात ती कमी होईल म्हणून.

फरशीवाल्यानं तोवर रबरी चेंडूंच्या खोक्याचा पुठ्ठा कापला होता. त्यावर वळण काढलं, तो चौकोन रिकाम्या जागी बसवला आणि गाडी ढकलली. ती घरात गेली. पुठ्ठ्यावर थोडी अडखळली, पण गेली.

अक्का उठली, त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "मला का नाही सांगितलंस घरी?"

"सांगितलं," तो म्हणाला. "तू म्हणालीस, कोपराला तेल लाव."

त्याला कागद मिळाला. सोमवारपासून तो कामावर गेला, असं अक्कानं नंतर येऊन सांगितलं. पेल्याला तो अजून चमचा म्हणतो. फरशी मात्र सांध्याला सांधा जुळवून बसवतो.

गोष्ट इथे संपली असती तर मला बरं वाटलं असतं. हुशार माणूस जिंकला, बावळट उघडे पडले, मी म्हणत होतो तेच खरं. पण ताईंनी रजिस्टर बंद केलं नाही. त्या दुपारभर खुर्चीत बसून राहिल्या आणि मग त्यांनी त्या बावीस नावांना एकेक करून फोन लावायला सुरुवात केली. प्रत्येकाला त्या एकच वाक्य सांगत : "चूक आमची होती, तुमची नव्हती." कुणी चिडलं, एक बाई फोनवर रडली. काहींनी पुन्हा यायचं कबूल केलं, आणि तुकडा पुठ्ठ्याचा असूनही त्यातल्या बहुतेकांची गाडी घरात गेली.

म्हातारा घड्याळजी सगळ्यांत शेवटी आला. त्याच्या बायकोनं फोनवर आधीच सांगितलं होतं की ते आता घड्याळाला हात लावत नाहीत, सगळी हत्यारं त्यांनी शेजारच्या दुकानदाराला देऊन टाकली. तो माझ्यासमोर बसला. अकरा मिनिटांत त्यानं एकतिसावं सोडवलं. एकही तुकडा दुसऱ्यांदा उचलला नाही. ताईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"तुम्ही म्हणाला होतात, वयाचा भाग असतो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मी घरी जाऊन तेच सांगितलं सगळ्यांना. मुलाला, सुनेला. ते आता मला रस्ता ओलांडू देत नाहीत. त्यांना काय सांगू?"

त्यानं गाडी उचलून फाटकापाशी नीट ठेवली, पुढच्या माणसासाठी, आणि काठी घेऊन गेला. ताई त्याच्यासोबत गेल्या. मुलाशी मी बोलते, म्हणाल्या. बोलल्या की नाही, आणि बोलल्या असतील तर त्यानं ऐकलं की नाही, हे या खोलीत कुणी सांगितलं नाही.

चार जण आलेच नाहीत. त्यांतल्या एकानं फोनवर म्हटलं, "आता राहू द्या." त्या बावीस जणांना मी दीड वर्ष मूर्ख म्हणत आलो होतो, आणि त्या चौघांना मला आजही तेच म्हणता आलं असतं. म्हणवत नाही. डबा मोजला नाही हे खरं. पण दवाखान्यात आजारी माणसापुढे कुणी डबा ठेवला, तर तो पुरा असेल असं त्यानं धरून चालणं, याला मूर्खपणा म्हणत नाहीत. विश्वास म्हणतात. मला ते कळायला बावीस माणसं लागली, आणि मी तर स्वतःला शहाणा समजत होतो.

तेव्हा मित्रांनो, मला पुसा, चहाचा कप माझ्यावर ठेवू नका, हे तर आहेच. पण त्याहून मोठं मागणं असं : तुम्ही कधी कुणाची परीक्षा घ्याल, घरात, वर्गात, कुठेही, तर घड्याळ लावण्याआधी त्याला काय काय दिलंय ते स्वतः मोजा. त्याच्यावर सोडू नका. आणि उत्तर चुकलं, तर "हरकत नाही" असं गोड आवाजात म्हणण्याआधी आणखी एकदा मोजा.